नजर ठरेल अशी दुर्बीण

गोंदिया जिल्ह्यात पक्षी पाहायचे म्हणजे आधी तलावाची पाळ चढायची. इथले जुने तलाव माजी मालगुजारी तलाव, म्हणजेच मामा तलाव, म्हणून ओळखले जातात. मालगुजारी ही जमीनदारीची पद्धत १९५०च्या कायद्यानं गेली. कोहळी समाजाच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले, राखलेले तलाव मात्र धानाला पाणी देत राहिले आणि हिवाळ्यात बदकांना आसरा. नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं परंपरा सांगते. या तलावांची घडण एकदा ध्यानात घेतली की दुर्बिणीचा प्रश्न निम्मा उलगडतो. उतारावरून येणारं पाणी एका बाजूला मातीची उंच पाळ घालून अडवलेलं असतं. त्यामुळे पाळीलगत पाणी खोल, आणि समोर, वरच्या अंगाला, ते पातळ होत होत गवतात, चिखलात, धानाच्या बांध्यांत विरून जातं. माणूस पाळीवर उभा राहतो, कारण वाट तिथं असते, झाडाची सावली तिथं असते. पक्षी मात्र नेमके पलीकडच्या उथळात असतात, जिथं चोच आणि पाय तळाला पोचतात. तुतारी, करकोचे, सारस यांचं सगळं जगणं त्या पलीकडच्या काठावर चालतं. माणूस आणि पक्षी यांच्यामध्ये अख्खा तलाव पसरलेला असतो, आणि म्हणूनच दुर्बीण घ्यायला निघालेल्या प्रत्येकाच्या तोंडी पहिला प्रश्न येतो: किती लांबचं दिसतं?

मला वाटतं, हा प्रश्न चुकीच्या ठिकाणाहून सुरू होतो. मराठीत नजर ‘पोचते’ आणि नजर ‘ठरते’, असे दोन वेगळे प्रयोग आहेत. पोचणं हे अंतराचं काम आहे, ठरणं हे स्थैर्याचं. पक्षी ओळखला जातो तो नजर ठरल्यावर. हातात धरून वापरायची दुर्बीण निवडताना ती हातात किती स्थिर राहते हीच पहिली कसोटी हवी. ती किती पट मोठं दाखवते हा प्रश्न त्यानंतरचा.

आधी साधा हिशोब करू. दुर्बिणीवर ८ x ४२ किंवा १० x ४२ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल ते सांगतो, दुसरा समोरच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. चारशे मीटरवर उभा असलेला सारस आठपटीच्या दुर्बिणीतून पन्नास मीटरवर असल्यासारखा दिसतो, दहापटीतून चाळीस मीटरवर, बारापटीतून साधारण तेहतीस मीटरवर. उघड्या डोळ्यांपासून आठपटीपर्यंतची झेप साडेतीनशे मीटरांची आहे. आठपासून दहापर्यंतची फक्त दहा मीटरांची. कागदावर हा फायदाही फायदाच आहे. पण दुर्बीण पक्षी मोठा करते तशी हाताची थरथरही तेवढ्याच पटीनं मोठी करते. दुर्बिणीचा रोख एक दशांश अंशानं हलला असं धरलं, तर आठपटीत समोरचं दृश्य डोळ्याला आठ दशांश अंश सरकलेलं दिसतं, दहापटीत एक अंश, बारापटीत त्याहून जास्त. आकाशातला पूर्ण चंद्र अर्ध्या अंशाचा असतो. म्हणजे दहापटीच्या दुर्बिणीत तेवढ्याशा हालचालीनं सारस दोन चंद्रांच्या रुंदीइतका इकडून तिकडे झुलतो.

यावर कोणी नेमका आक्षेप घेईल. थरथर जितक्या पटीनं वाढली तितक्याच पटीनं पक्षीही वाढला ना? मग प्रमाण तेच राहिलं. तोटा कुठे झाला? आक्षेप बिनतोड वाटतो, पण त्यात डोळ्याचा स्वभाव धरलेला नाही. चांगल्या उजेडात निरोगी डोळा साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतकी बारीक गोष्ट वेगळी ओळखू शकतो. आठपटीची दुर्बीण, ती अगदी निश्चल असेल तर, ही मर्यादा आणखी आठपट बारीक करते, बारापटीची बारापट. पण हात निश्चल नसतो. स्नायूंची नैसर्गिक थरथर सेकंदाला आठ ते बारा वेळा होते, आणि तिच्या खाली श्वासाचं संथ हेलकावणं आणि छातीच्या ठोक्यांचे धक्के असतात. श्वासाच्या लयीत डोलणाऱ्या चित्रामागे डोळा जाऊ शकतो. सेकंदाला दहा वेळा हलणाऱ्या चित्रामागे तो जाऊ शकत नाही. तिथं बारीक रेघा एकमेकींत मिसळतात, ठिपके पुसले जातात. एकदा तपशिलाची सीमा भिंगानं न ठरता हातानं ठरू लागली की पुढे पट वाढवून पक्षी फक्त मोठा होतो, अधिक स्पष्ट होत नाही. ओली शाई फरकटलेलं अक्षर मोठं करून पाहावं तसं ते होतं. जास्तीच्या दोन-चार पटींसाठी मोजलेले पैसे बहुतेकांच्या बाबतीत हातच खाऊन टाकतो.

हे सगळं सारसांच्या मोजणीला लावून पाहिलं की त्याचं वजन कळतं. महाराष्ट्रात सारस आता जवळजवळ फक्त गोंदिया-भंडाऱ्याच्या पट्ट्यात उरला आहे; वैनगंगा-बाघेच्या पलीकडे तो मध्य प्रदेशातल्या बालाघाटात आहे. उडणाऱ्या पक्ष्यांमधला हा जगातला सर्वांत उंच पक्षी. मान ताठ करून उभा राहिला तर माणसाच्या उंचीला येतो. गोंदियाची ‘सेवा’ ही संस्था, वनविभाग आणि गावोगावचे सारसमित्र दरवर्षी जूनच्या आसपास पहाटे, वेगवेगळ्या ठिकाणी एकाच वेळी, त्याची गणना करतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१मध्ये सारसांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली, यावरून परिस्थिती कुठवर आली आहे ते समजावं. अलीकडच्या गणनांत जिल्ह्याचा आकडा पन्नाशीही गाठत नाही. शंभर-दोनशे पक्ष्यांच्या थव्यात दोन इकडे-तिकडे झाले तर चालून जातं. एकूण आकडाच चाळीसच्या खालीवर असेल तर एक जोडी दोनदा मोजली जाणं किंवा एक पिल्लू सुटणं म्हणजे हिशोबात खोट. आणि पिल्लाची ओळख अगदी बारीक खुणांवर असते. प्रौढ सारसाचं डोकं आणि मानेचा वरचा भाग पिसांविना लालभडक असतो, माथा तेवढा राखाडी. पहिल्या हिवाळ्यात आईबापांबरोबर फिरणाऱ्या पिल्लाचं डोकं तांबूस-बदामी पिसांनी झाकलेलं असतं, आणि उंचीनं ते तोवर जवळजवळ मोठं झालेलं असतं. सारसाची डोकं आणि चोच मिळून लांबी वीतभराहून जरा अधिक. चारशे मीटरवर, आठपटीतसुद्धा, ती अर्ध्या चंद्राहून थोडी मोठी दिसते. एवढ्याशा जागेतला लाल आणि बदामी यांच्यातला फरक थरथरत्या चित्रात नाहीसा होतो. जोडीबरोबरचा तिसरा पक्षी गेल्या पावसाळ्यातलं पिल्लू आहे, की शेजारच्या बोडीवरून, म्हणजे छोट्या तळ्यावरून, आलेला एकटा प्रौढ, याचं उत्तर दुर्बिणीच्या पटीपेक्षा दुर्बीण धरणाऱ्याच्या हातावर जास्त अवलंबून असतं.

मग स्थिर दुर्बीण म्हणजे कोणती? पहिलं उत्तर सुचतं ते ‘हलकी’. हेच उत्तर सर्वांत फसवं आहे. खिशात मावणारी १० x २५ची दुर्बीण तीनशे ग्रॅमच्या आसपास भरते, मान दुखत नाही, आणि तरी ती हातात सर्वांत जास्त नाचते. हलक्या वस्तूला जडत्व कमी. स्नायूचा प्रत्येक बारीक झटका ती जशीच्या तशी पुढे पाठवते. सहाशे ते आठशे ग्रॅमची दुर्बीण तोच झटका थोडा गिळून टाकते. त्याच्याही पुढे, किलोच्या वर गेलं, की दंड दुखू लागतात आणि थकलेला स्नायू ताज्या स्नायूपेक्षा जास्त थरथरतो. वजनाला असा एक मधला टप्पा आहे, आणि तो प्रत्येकाच्या दंडाप्रमाणे थोडा सरकतो. छोट्या दुर्बिणीचा आणखी एक दोष कमी बोलला जातो. समोरच्या भिंगाच्या व्यासाला पटीनं भागलं की डोळ्यापाशी येणाऱ्या प्रकाशाच्या चकतीचा व्यास मिळतो. ८ x ४२मध्ये ही चकती सव्वापाच मिलिमीटर, १० x ४२मध्ये चार पूर्णांक दोन, १० x २५मध्ये अवघी अडीच. चकती जितकी लहान, तितकी ती बाहुलीवर नेमकी बसवून ठेवणं अवघड. हात जरासा सरकला की कडेनं काळी सावली येते आणि दृश्यच जातं. मोठ्या चकतीत डोळ्याला हलायला जागा मिळते, म्हणून त्याच थरथरत्या हातातसुद्धा ती दुर्बीण शांत वाटते. जूनमधल्या गणनेच्या पहाटे, उजाडायच्या आधी, बाहुली मोठी झालेली असते तेव्हा या सव्वापाच मिलिमीटरांचं उजेडासाठीही मोल आहे.

घडणीचाही प्रश्न आहे. जुन्या धाटणीच्या, खांदे रुंद असलेल्या पोरो लोलकांच्या दुर्बिणी आता जुनाट समजल्या जातात. इटलीच्या इग्नाझियो पोरोनं हे लोलक १८५४च्या सुमारास रचले. सरळ नळ्यांची, छपरासारख्या लोलकाची दुर्बीण दिसायला सुबक, पाणी न शिरू देण्याच्या कामी सोयीची, म्हणून तिनं बाजार घेतला. पण रुंद खांद्यांच्या दुर्बिणीत दोन हात एकमेकांपासून दूर राहतात, आणि हातांमधलं अंतर वाढलं की दुर्बीण डावी-उजवी वळण्याला आपोआप आळा बसतो. थोड्या पैशांत स्थिर चित्र हवं असेल तर ८ x ४०ची साधी पोरो दुर्बीण आजही सरस ठरते असं माझं स्पष्ट मत आहे. उणीव एवढीच की बऱ्याच पोरो दुर्बिणींत पाण्याचा आणि वाफेचा शिरकाव होतो, आणि गोंदियाच्या चार महिन्यांच्या पावसाळ्यात, धान लावलेल्या बांध्यांच्या धुऱ्यावर, ही उणीव लहान म्हणता येणार नाही. सारसाचं घरटं नेमकं त्याच दिवसांत, त्याच पाण्यात असतं.

चष्मा लावणाऱ्यांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण दुकानात त्यांना कोणी विचारत नाही. दुर्बीण स्थिर राहते ती फक्त दोन हातांवर नाही. भुवईच्या हाडावर टेकलेल्या रबरी कडा हा तिचा तिसरा आधार. चष्मा मध्ये आला की हा आधार सुटतो. अशा माणसानं डोळ्यापासून पंधरा मिलिमीटरांहून अधिक अंतरावर पूर्ण दृश्य देणारी दुर्बीण घ्यावी, रबरी कडा आत वळवाव्यात, आणि सुटलेला आधार टोपीच्या पुढच्या कडेनं भरून काढावा: बोटांनी टोपीची कड आणि दुर्बीण एकत्र धरली की डोकं आणि दुर्बीण एकच वस्तू होऊन हलतात. अंगठे दुर्बिणीखाली, कोपरं बरगड्यांना चिकटलेली, पाठ मोहाच्या किंवा आंब्याच्या खोडाला टेकलेली, आणि शक्य असेल तर पाळीवर खाली बसून कोपरं गुडघ्यांवर. या सवयींना पैसे पडत नाहीत, आणि त्यांनी येणारा फरक एक दुर्बीण विकून दुसरी घेण्याएवढा असू शकतो. फिनलंडमधले पक्षिनिरीक्षक दुर्बिणीखाली एक आखूड काठी लावतात. हात चेहऱ्याजवळ उचलून धरण्याऐवजी पोटाशी काठी धरायची, म्हणजे दंडावरचा भार उतरतो. ज्या जिल्ह्यात बांबूची उणीव नाही तिथं ही युक्ती कोणालाही साधेल.

आता सर्वांत भक्कम आक्षेपाकडे येतो. स्थिरीकरणाची यंत्रणा आतच बसवलेल्या दुर्बिणी मिळत असताना हा सगळा खटाटोप कशाला? कॅनननं १९९५मध्ये बारापटीची अशी दुर्बीण बाजारात आणली. आत दोन काचपट्ट्यांच्या मध्ये द्रव भरलेला लवचीक लोलक असतो, हात हलला की तो उलट दिशेनं कलतो आणि चित्र जागच्या जागी राहतं. झाइसनं त्याच्या काही वर्षं आधी २० x ६०ची दुर्बीण केली, तिच्यात तर विजेचा घटही लागत नाही. पण ती दीड किलोहून जड आहे. बटण दाबताच तलावापलीकडचं पाखरू असं थबकून उभं राहतं की क्षणभर पाण्यावरचा वारा पडल्यासारखं वाटतं. या यंत्रणेचा मी विरोधक नाही. ज्यांच्या हातांना वयानं किंवा आजारानं कंप आहे त्यांच्यासाठी ती चैन नव्हे. तिनं त्यांना पाळीवर परत आणलं तर तिच्या किमतीचा प्रश्न काढू नये. नागझिरा अभयारण्यातल्या जिप्सीत बसून, इंजिन सुरू असताना पाहावं लागलं तर तिच्याइतकं दुसरं काहीही उपयोगी नाही, जरी चालकाला इंजिन बंद करायला सांगणं हा त्याहून स्वस्त आणि वाघालाही मानवणारा उपाय आहे. पण उपयोगी असणं आणि प्रत्येकाची पहिली दुर्बीण असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. अशा दुर्बिणींची किंमत चांगल्या साध्या दुर्बिणीच्या कितीतरी पट असते, पुष्कळशा लाखाच्या घरात. घट संपला की त्या साध्या, आणि तशा जड, दुर्बिणी उरतात. आतली नाजूक यंत्रणा बिघडली तर गोंदियात ती उघडून दुरुस्त करणारा मिळणं कठीण. गावातल्या शाळेनं किंवा सारसमित्रांच्या गटानं एका स्थिरीकृत दुर्बिणीच्या पैशांत ८ x ४२च्या चार-पाच घ्याव्यात. गणनेच्या पहाटे एकाच वेळी अनेक ठिकाणी डोळे हवे असतात. एकाच ठिकाणचा एक अतितीक्ष्ण डोळा पुरत नाही.

आणखी एक म्हणणं ऐकू येतं, आणि तरुणांकडून जास्त: कॅमेऱ्याला लांब भिंग लावलं की फोटो काढून नंतर हवा तेवढा मोठा करता येतो, दुर्बिणीची गरजच संपली. पुरावा म्हणून फोटोचं मोल मोठं आहे. हिरवी तुतारी आणि ठिपकेवाली तुतारी यांतला वाद फोटोनं मिटतो हे खरं. पण फोटो क्षण धरतो आणि पक्ष्याची ओळख बहुतेकदा वागण्यात असते. सारसांच्या जोडीपैकी कोण घरट्यावर बसलं, किती वेळानं बदली झाली, हे पाहायला तासभर डोळा ठेवावा लागतो. शिवाय फोटोची ओढ माणसाला पुढे ढकलते. चौकट भरावी म्हणून तो पाळ उतरतो, धुऱ्यावर येतो, मग बांधीत. घरट्यावर महिनाभर, आईबापांनी आळीपाळीनं, बहुधा दोनच अंडी उबवायची असतात. माणूस जवळ आला की पक्षी उठतो, आणि उघड्या अंड्यांवर कावळ्याची नजर पडायला वेळ लागत नाही. स्थिर दुर्बिणीची माझ्या लेखी सर्वांत मोठी लायकी हीच आहे की ती माणसाला लांबच्या जागीच समाधानानं बसू देते. थरथरत्या चित्रानं चिडलेला माणूस पुढे सरकतो. ज्याची नजर ठरली तो बसून राहतो.

तलाव खरोखरच रुंद असेल, नवेगावबांधसारखा, आणि पलीकडची बदकं आठपटीत ठिपकेच राहत असतील, तर? तिथं हाती धरायच्या दुर्बिणीचं राज्य संपतं हे मान्य करावं आणि तिपाईवरचा स्पॉटिंग स्कोप लावावा. वीसपट, तीसपट हे तिपाईचं काम आहे. हातात पंधरापट धरून तिपाईचं काम करायला जाणं म्हणजे दोन्हींकडून जाणं. दुपारी पाण्यावरची हवा तापून हलू लागली की तर तिपाईसुद्धा हरते, कारण तेव्हा थरथर आपल्या हाताची नसतेच. आणि जंगलात, नागझिऱ्याच्या साग-ऐन-बांबूत, वीस मीटरवरच्या पर्णवटवट्याला सापडायला पट कमी आणि दृश्याची रुंदी जास्त लागते. आठपटीच्या दुर्बिणीत हजार मीटरवर साधारण एकशे तीस मीटर रुंदीचा पट्टा मावतो, दहापटीत एकशे दहाच्या आसपास. फांदीवरून फांदीवर उडणाऱ्या पाखरामागे जाताना हे वीस मीटर पाखरू हाती ठेवतात.

या सगळ्यावर शेवटी एक आक्षेप उरतो, आणि तोच मला सर्वांत आदरानं ऐकावासा वाटतो. तलावावर डोंगा घालणाऱ्या ढिवराला दुर्बीण कुठे असते? बांधीत वाकून रोवणी करणाऱ्या बाईला सारसाची जोडी कुठल्या धुऱ्याकडे उतरते हे कुठल्या भिंगानं कळतं? मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला राहिले, आणि त्यांच्या लेखनात पक्ष्यांची जी नावं आणि सवयी आल्या त्यांत रानातल्या माणसांच्या उघड्या डोळ्यांचा वाटा फार मोठा आहे. हे सगळं खरं आहे, आणि माझ्या म्हणण्याला ते बळच देतं. त्या माणसांची नजर पोचते म्हणून नव्हे, ठरते म्हणून ती पाहू शकते; त्याच पाण्याशी, त्याच जागी, वर्षानुवर्षं. बाहेरून आलेल्याला ती सवड नसते, म्हणून त्याला भिंग लागतं, आणि मग त्या भिंगाकडून निदान एवढं तरी मागावं की ते डोळ्याला एका जागी थांबू देईल.

तेव्हा दुर्बीण घ्यायला जाल तेव्हा दुकानातल्या भिंतीवरचं कॅलेंडर पाहू नका. जवळचं, उजेडातलं, मोठ्या अक्षरांचं सगळंच छान दिसतं. दाराबाहेर या, रस्त्याच्या टोकाचा विजेचा खांब शोधा आणि वरच्या आडव्या पट्टीवरच्या चिनी मातीच्या गुट्ट्या पाहा. आठपटीची एक आणि दहापटीची एक, आळीपाळीनं, प्रत्येकी पूर्ण एक मिनिट. पहिल्या दहा सेकंदांवर विश्वास ठेवू नका, तेवढा वेळ कोणाचाही हात स्थिर राहतो. मिनिट संपत आलं असताना ज्या दुर्बिणीत गुट्टीवरच्या कडा अजून मोजता येत असतील, ती गळ्यात घाला.